चांदण्या पोचल्या का?

आमच्या घरात दोन भाषा. एक तोंडाची, एक हातांची. तोंडाची भाषा भांडायला, फोनवर बोलायला आणि मॅच बघताना ओरडायला. बाकी सगळं हातांनी. सासूबाईंना लहानपणापासून ऐकू येत नाही. त्या समोर असताना दोघांनी तोंडानं कुजबुजणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढ्यातून ताट ओढणं, असं या घरात मानतात. म्हणून त्या खोलीत आल्या की सगळ्यांचे ओठ मिटतात आणि हात उघडतात.

ही हातांची भाषा कुणी कुठल्या शाळेतून आणलेली नाही. ती याच घरात रुजली, इथेच वाढली. सासूबाई शिवणकाम करतात. खिडकीशी मशीन, मशीनशेजारी कपड्यांचा ढीग. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या झग्याची चेन बदलायची. त्यामुळे भाषेतही सुईदोरा फार. खोटं बोलणं म्हणजे कच्चा टाका. हट्टी माणूस म्हणजे न ओवला जाणारा दोरा. रुसवा म्हणजे उलट्या बाजूनं घातलेला सदरा.

नावंसुद्धा हातांचीच. सासरे, म्हणजे आमचे बाबा, बस चालवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांचं नाव म्हणजे दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग फिरवायचं. माझ्या नवऱ्याचं नाव म्हणजे कान ओढायचा. लहानपणी तो फार ओढला गेला होता म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा बरेच दिवस बिननावाची होते, नुसतं माझ्याकडे बोट. मग एकदा सासूबाईंनी माझ्याकडे बघून दोन बोटांनी नाकावरचा नसलेला चष्मा वर ढकलला, आणि सगळे हसले. त्या दिवशी मी खरी या घरची झाले.

सासूबाईंचं स्वतःचं नाव सगळ्यांत देखणं. त्याचे दोन भाग. आधी मधल्या बोटावर अंगुस्तान चढवायचं, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटाला घालतात ती टोपी. मग तिथूनच दोरा ओढल्यासारखा हात सरसर वर न्यायचा आणि पंजा उघडायचा. टोपी बोटाला, दोरा आभाळाला. एका झोक्यात. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की नाव तुटलं.

माझे हात अजून परगावचेच आहेत. पहिल्याच महिन्यात मला सांगायचं होतं, "भाजी ढवळली." ढवळायचं एका हातानं असतं. मी उत्साहात दोन्ही हातांनी ढवळलं, आणि वाक्य झालं, "भाजीत बाबा." सासूबाईंनी गंभीरपणे झाकण उचलून पातेल्यात वाकून बघितलं. तेव्हापासून घरात कुणाचाही काहीही घोटाळा झाला, की बाकीचे नुसतं स्टिअरिंग फिरवून पातेल्याकडे बोट दाखवतात.

तर आता गोष्ट इंटरनेटची.

माझी नणंद, आम्ही तिला ताई म्हणतो, लग्न करून लांबच्या शहरात गेली. तिला दीड वर्षाची मुलगी आहे. तिच्या गालावर खळी पडते, म्हणून तिचं हातांचं नाव गालावर बोट फिरवायचं, आणि तोंडाचं नावही खळीच पडून गेलं. ताईच्या सासरची माणसं मायाळू आहेत, पण ताई म्हणते तसं, "हातांनी फक्त जेवतात." खळीशी हातांनी बोलणारी तिथे एकटी ताई. आणि एका माणसानं काय भाषा होते? म्हणून ताईनं ठरवलं, खळीनं हातांची बोली आजीकडूनच घ्यायची. दर रविवारी सकाळी न्याहारी झाली, की इकडे आम्ही आणि तिकडे त्या मायलेकी पडद्यासमोर बसायचो.

आणि इथेच घोडं पेंड खायचं.

आमचं इंटरनेट जुनं. टेलिफोनच्या तारेतून यायचं, म्हाताऱ्यानं जिना चढावा तसं, दर पायरीला बसत. ऐकणाऱ्यांचं तेवढ्यानं अडत नाही. चित्र थांबलं तरी आवाज येत राहतो, "हॅलो, दिसत नाहीस, पण बोल तू." आमच्याकडे चित्र थांबलं की तोंडावर हात ठेवल्यासारखं. सासूबाई बोलत असायच्या आणि तिकडे ताईला दिसायचं, आई हवेत एक बोट धरून पुतळा झालीय.

बाबांनी उपाय केले. इंटरनेटची डबी टेबलावरून कपाटावर गेली. कपाटावरून खिडकीत आली. खिडकीतून निघून भिंतीवरच्या खिळ्याला टांगली गेली. एकदा तर बाबा ती छातीशी धरून खोलीभर फिरले.

"बाबा, ते काय बाळ आहे का?" नवरा म्हणाला.

"बाळच बरं. बाळ निदान रडतं तरी. हे नुसतं डोळे मिचकावतं."

त्या रविवारी मात्र वेगळंच झालं. ताई घाईघाईनं पडद्यावर आली. तिचे हात आनंदानं फडफडत होते. "आई, बघ, खळी तुझं नाव घेते!"

आम्ही सगळे पुढे सरकलो. खळी खुर्चीत उभी, ताईनं कमरेला धरलेली. तिनं एवढंसं मधलं बोट काढलं, त्यावर अंगुस्तान चढवलं, आणि थांबली. हात हवेत, डोळे ताठ, तोंड अर्धं उघडं. पापणीसुद्धा हलेना.

"अडकलं परत," बाबा म्हणाले आणि डबीकडे निघाले.

"अडकलं नाही!" ताईनं हात हलवले. हलवले म्हणजे दिसले आम्हाला. ताई हलत होती, मागचा खिडकीचा पडदा हलत होता, फक्त खळी थांबली होती. मग एकदम तिचा हात उडी मारून डोक्यावर गेला, पंजा उघडला, आणि ती खुदकन हसली. झालं नाव.

क्षणभर आम्हाला कळलंच नाही. कळलं तेव्हा हसता हसता पोट दुखायला लागलं. पोरीला वाटत होतं, आजीचं नाव असंच असतं! अंगुस्तान घालायचं, मग पुतळा व्हायचं, मग उडी. तिनं आजन्म आजी तशीच बघितली होती. इंटरनेटचं अडखळणं तिनं आजीच्या बोलीतला कानामात्रा समजून घोटून घेतलं होतं.

सगळ्यांत जास्त सासूबाईच हसल्या. डोळे पुसत हसल्या. खळीला पुन्हा करायला लावलं, पुन्हा हसल्या.

नंतर मी कप धुवायला गेले तर त्या ओट्याशी होत्या. समोर घासलेलं पातेलं पालथं घातलं होतं, त्यात त्यांचं रूप दिसत होतं. त्यांनी बोटावर अंगुस्तान चढवलं. थांबल्या. मग हात उडी मारून वर नेला. पुन्हा एकदा. आपण आपल्या नातीला कशा दिसतो ते बघत होत्या.

मला बघून वळल्या आणि म्हणाल्या, हातांनीच, सावकाश, मला समजावं म्हणून, "माझं नाव मध्ये उसवलंय."

"लहान आहे ती. शिकेल," मी म्हणाले.

"नवं कापड एकदा चुकीच्या घडीवर मोडलं, की इस्त्रीनंही घडी जात नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तिला सांगायला माझ्याकडे दुसरा आवाज नाही. हेच दोन हात. आणि ते रस्त्यात सांडतात."

त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, इंटरनेट बदलायचं.

नवऱ्याला पंख फुटले. तो रंगाच्या कारखान्यात हिशेब बघतो, पण मनानं कायम मैदानात असतो. त्याला मॅच बघायची ती एक क्षणही न अडकता. त्यानं शहरातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचं चकचकीत पत्रक आणलं. त्यावर एक माणूस आनंदानं हवेत उडत होता.

"पाचशेचा वेग! आपल्याला आत्ता आठदहाही मिळत नाही."

"उडणारा माणूस पण देतात का?" बाबांनी विचारलं.

"तीन महिने फुकट देतात."

बाबांनी चष्मा लावला. "फुकट" हा शब्द ऐकला की बाबांना नेहमी लांबचं स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची एक चटपटीत मुलगी माहिती द्यायला आली. ती वेग सांगत होती, सिनेमे सांगत होती, एका वेळी किती टीव्ही चालतील ते सांगत होती. आमच्याकडे टीव्ही एकच. सासूबाई मशीनवर बसून तिच्या ओठांकडे बघत होत्या. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "हिला विचार, हात जातील का?"

मी विचारलं, "आमच्या सासूबाई विचारतात, हात जातील का?"

"कुठे?" मुलगी घाबरून म्हणाली.

मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ताई, पाचशेमध्ये हत्ती जातील."

नवरा सही करायला पेन शोधू लागला. सासूबाईंनी त्याच्या हातावर टपली मारली. "मी गिऱ्हाइकाला घालून बघितल्याशिवाय कपडा देत नाही. मग घालून बघितल्याशिवाय घेईन कशी?"

हे मात्र खरं होतं. त्यांच्या हाताखालून ट्रायलशिवाय साधं बटणसुद्धा जात नाही. पण इंटरनेट घालून कुठे बघायचं?

"शेजारी," मी म्हणाले. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, त्यांच्याकडे हीच मोठी कंपनी आहे. समोरच्या बेकरीत दुसरीच एक छोटी कंपनी आहे, तिचं ऑफिस इस्त्रीच्या दुकानाच्या माळ्यावर. तिचा माणूस सदानकदा वायरींच्या जंजाळात खांबावर लटकलेला असतो, म्हणून गल्लीत त्याला कोळीष्टक म्हणतात. दोन्हीकडे जाऊ, तिथून ताईला फोन लावू, आणि बघू.

"पण बघायचं काय?" बाबांनी विचारलं. "नुसतं हाय हाय करून वेग कळतो होय? गाडीची परीक्षा घाटात होते."

घाट सासूबाईंकडे होता.

ताई आणि माझा नवरा लहान असताना निजवायला त्यांनी हातांचं एक गाणं रचलं होतं. त्याला शब्द नाहीत, आवाज नाही. अंधूक दिव्याच्या उजेडात नुसती बोटं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही, मी मनाशी त्याचे शब्द केले. ते असे:

सुई माझी बारीक, दोरा तिचा लांब,
थांब दोऱ्या थांब, गाठ मारू.

आभाळ उसवलं, चांदण्या सांडल्या,
पांघरुणी मांडल्या, मोजू नको.

एक टाका वर, एक टाका खाली,
लेक निजू आली, दिवा घालव.

यातलं अवघड म्हणजे "चांदण्या सांडल्या." तिथे दहाच्या दहा बोटं वेगवेगळी थरथरत वरून खाली येतात. प्रत्येक बोट एक चांदणी. एकही दुसरीला चिकटलेली नाही. आमच्या जुन्या इंटरनेटवर ताईनं ते बघितलं होतं आणि कळवलं होतं, "आई, चांदण्या कसल्या, पीठ चाळल्यासारखं दिसतं."

"चांदण्या पोचल्या की इंटरनेट चांगलं," सासूबाईंनी निकाल दिला. वेग मोजायचं असं माप जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

शनिवारी आम्ही चौघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर हौशी. त्यांनी भिंतीएवढ्या टीव्हीवर कॅमेरा जोडून दिला आणि स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसले. ताई पडद्यावर आली आणि आमचे डोळेच दिपले. काय ते चित्र! ताईच्या भुवईवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा दिसत होता. खळीच्या हनुवटीवरचा पेरूचा तुकडा दिसत होता.

"बघा!" नवरा असा म्हणाला, जसं काही चित्र त्यानंच काढलं होतं.

सासूबाई पुढे झाल्या. गाणं सुरू केलं. सुई आली, दोरा आला, गाठ पडली. मग आभाळ उसवलं आणि चांदण्या सांडल्या. आम्ही सगळे ताईच्या तोंडाकडे बघत होतो. ताई डोळे बारीक करून पडद्याजवळ आली. एवढी जवळ, की तिचं नाक मोठं झालं.

"पोचल्या का?" सासूबाईंनी विचारलं.

"कोपऱ्यातून चारपाच आल्या," ताईचे हात अवघडून म्हणाले. "मग तू थांबलीस. मग एकदम दिवा घालवलास."

"पाचशे आहे हे!" नवऱ्याला विश्वास बसेना. त्यानं फोन काढून वेग मोजला आणि सगळ्यांपुढे नाचवला. "बघा, चारशेऐंशी!"

"आणि खालचा आकडा?" मी विचारलं. पडद्यावर दोन आकडे होते. वरचा मोठा, ठळक, हिरवा. खालचा बारीक, राखाडी. तिथे अकरा होते, आणि बघता बघता त्याचे नऊ झाले.

"तो असतोच खाली," नवरा म्हणाला. "त्याला कोण विचारतो."

तिकडून ताईनंच हात हलवले. "वहिनी, तुम्हाला मी नीट दिसते ना? मला तुम्ही दिसत नाही. तुमच्याकडे येतंय झकास. तुमच्याकडून निघत नाहीये."

मी जिन्यातूनच कंपनीच्या त्या मुलीला फोन लावला. "आमच्याकडे येण्याचा वेग पाचशे, मान्य. आमच्याकडून जाण्याचा किती?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती प्रामाणिकपणे म्हणाली, "वीस, ताई. तोही घरात बाकीचे वापरत असले की कमी होतो. सगळे येणाराच विचारतात हो. सिनेमा यायचाच असतो ना, जायचा नसतो."

घरी येऊन मी हे सांगितलं. नवरा पत्रक उलटसुलट करून बघू लागला. बाबा मात्र एकदम ताठ झाले. अख्खा जन्म रस्त्यावर गेलेल्या माणसाला त्याच्या भाषेत काहीतरी सापडलं होतं.

"म्हणजे असं बघ," त्यांनी टेबलावर दोन कप मांडले, एक बिस्किटांचा डबा मांडला. "गावात यायला सहा पदरी रस्ता. गावातून निघायला पायवाट, तिच्यावरही कुणाचीतरी म्हैस बसलेली. आपली गाडी भरते कुठे? इथे. माल आपला! हिचे हात इथून निघणार. मग आपल्याला सहा पदरी येणं काय चाटायचंय? मला परतीचा रस्ता दाखवा!" आणि हेच सगळं त्यांनी सासूबाईंना हातांनी करून दाखवलं, म्हशीसकट. सासूबाईंना म्हैस फार आवडली. आमच्या घरात आता अपलोडला म्हैस म्हणतात.

"आणि तीन महिने फुकट?" नवऱ्यानं शेवटचा खडा टाकून बघितला.

बाबांना क्षणभर यातना झाल्या, त्या आम्हाला दिसल्या. मग ते म्हणाले, "पायवाट फुकट असली तरी बस जात नाही, राजे."

रविवारी बेकरीत. बेकरीवाल्या मावशींनी मागच्या खोलीत जागा करून दिली. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला पावांचे ट्रे, पिठाच्या पोत्यावर फोन टेकवला. इथलं इंटरनेट शंभराचं. उडणारा माणूस नाही, सिनेमे नाहीत, फुकट काही नाही.

"शंभर!" नवरा पुटपुटला. "पाचशेवरून शंभरावर."

"येताना शंभर, जाताना पण शंभर," मी खालचा आकडा दाखवला. इथे दोन्ही आकडे जुळ्या भावंडांसारखे शेजारी उभे होते.

ताई आली. चित्र डॉक्टरांकडच्याइतकं देखणं नव्हतं. भुवईवरचा व्रण नीट दिसत नव्हता. सासूबाईंनी हातांवरचं पीठ झटकलं, दोन्ही हात उचलले.

सुई. दोरा. गाठ. आभाळ उसवलं.

मावशी पावाचा ट्रे हातात धरून दारात थांबल्या होत्या. भट्टीच्या तांबूस उजेडात सासूबाईंची दहा बोटं वरून खाली येत होती, एकेक वेगळी, एकेक थरथरती. मी ते किती वेळा बघितलं होतं, तरी अंगावर काटा आला.

ताई काही बोलेना. तिचे हात मांडीवर पडून होते. आम्हाला वाटलं, गेलं, अडकलं. बाबा सवयीनं डबी शोधू लागले.

मग ताईनं हात उचलले आणि एकेक बोट मोडत मोजलं. उजव्या हाताची पाच. डाव्या हाताची पाच. मोजू नको असं गाण्यात असूनही मोजलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "सगळ्या पोचल्या, आई. किती वर्षांनी बघितल्या मी."

मावशींनी ट्रे खाली ठेवला आणि कुणी काही न मागता सगळ्यांच्या हातांत गरम पाव दिले. त्यामुळे पुढची पाच मिनिटं कुणालाच बोलता आलं नाही. हात भरलेले असले की आमच्याकडे तोंडं बंद होतात, दोन्ही अर्थांनी.

तीनच दिवसांत कोळीष्टक आमच्या खिडकीबाहेर लटकला. वायर आली, नवी डबी आली. बाबांनी तिला जुन्या खिळ्यावर टांगायची तयारी केली होती, तिला थेट टेबलावर बसवावं लागलं याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. नवरा फुगून बसला होता. सासूबाईंनी त्याच्या समोर जाऊन सदरा उलटा घातल्याची खूण केली, आणि त्याचा कान ओढला. नाव म्हणूनही, आणि खराही.

"मॅच अडकली तर?" त्यानं विचारलं.

"अडकणार नाही, आणि उशिरा दिसली तरी गोल तेवढेच होतात," बाबा म्हणाले. मॅच अडकली नाही. तो उगाच दोन दिवस वाट बघत होता, अडकेल म्हणून.

आता पुढच्या रविवारी खरी परीक्षा. सासूबाई केस विंचरून, मशीनवरचं कापड बाजूला सारून बसल्या. खळी पडद्यावर आली. आजीनं तिच्याकडे बघून आपलं नाव घेतलं. टोपी बोटाला, दोरा आभाळाला. एका झोक्यात, लखलखीत. पलीकडे जसंच्या तसं पोचलं.

खळीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

तिनं मान हलवली. नाही, नाही. मग तिनं मोठ्या माणसाच्या धीरानं आपलं बोट पुढे केलं, अंगुस्तान चढवलं, थांबली, डोळे ताठ केले, आणि मग उडी. आजीकडे बघितलं. असं.

ताईनं कपाळावर हात मारला. "आई, तिला वाटतं, तुझं चुकतंय! ती तुला शिकवतेय!"

आम्ही हसलो, पण मला ओट्याशी झालेलं बोलणं आठवलं. सासूबाई म्हणाल्या होत्या ती घडी हीच. रस्ता झाला, गाडी निघाली, माल पोचला, आणि घेणारीच म्हणतेय, हा माझा नव्हे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या नातीकडे टक लावून बघत होत्या, तयार कपड्यावर गिऱ्हाईक नाक मुरडतं तेव्हा बघतात तशा.

मग त्यांनी चहाचा कप उचलला, ओठांशी नेला, आणि थांबल्या. अख्ख्या थांबल्या. कप हवेत, डोळे ताठ, पुतळा. खळी बघतच राहिली. मग एकदम आजीनं चहाचा घोट घेतला आणि डोळा मारला.

खळी किंचाळून हसली. तो आवाज आम्ही ऐकला. सासूबाईंनी नुसता तिचा उघडा जबडा बघितला, तरी त्यांना पुरला.

नंतर त्या सुई ओवायला गेल्या आणि थांबल्या. खळी हातातलं केळं तोंडाशी नेऊन थांबली. आजी जांभई देताना थांबली. खळी खाली बसताना मध्येच थांबली आणि बुडावर आपटली. तास गेला. त्या तासात आजीनं अधूनमधून आपलं नावही घेतलं, पण त्यात मात्र ती थांबली नाही. तेवढं सोडून बाकी सगळीकडे थांबली.

"हे काय चाललंय?" मी त्यांना विचारलं.

त्या म्हणाल्या, "कच्चा टाका आधी नाही उसवायचा. पक्की शिवण घालायची, मग कच्चा दोरा ओढला की आपला निघतो. तिला थांबणं आवडतं ना? थांबण्याला वेगळी जागा देऊ. मग ते माझ्या नावात कशाला राहील?"

पुढच्या रविवारी नाव अर्ध्यात अडखळलं, पण थोडंच. त्याच्या पुढच्या रविवारी खळीनं पडद्यावर आल्या आल्या, कुणी न सांगता, पेरूनं चिकट झालेलं मधलं बोट वर काढलं. अंगुस्तान चढवलं. आम्ही पुढे वाकलो. हात निघाला, सरसर वर गेला, कुठेही न अडखळता डोक्यावर पोचला, आणि पंजा उघडला. मग ती थांबली. नाव पुरं करून, हात आभाळात ठेवून, मुद्दाम पुतळा झाली.

सासूबाईही झाल्या. हात छातीशी, डोळे चमकते, पापणी हलेना. ताईही गंमत समजून जागच्या जागी थिजली.

नेमके तेव्हा बाबा दूध घेऊन आत आले. त्यांनी पडदा बघितला. मुलगी थांबलेली, नात थांबलेली.

"अडकलं!" त्यांनी पिशवी खाली ठेवली. डबीचे दिवे बघितले, सगळे हिरवे. डबीला हलकेच थोपटलं. मग कोळीष्टकाला फोन लावला. "अहो, तुमचं चांगलं म्हणून घेतलं आणि चित्र थांबलंय इथे. नाही, दिवे आहेत. हिरवे आहेत. हो, सगळे." त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "सूनबाई, तो म्हणतो लाइन ठीक आहे. त्याला सांगू काय?"

मी काय सांगणार? मी दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग फिरवलं आणि पातेल्याकडे बोट दाखवलं.

आधी सासूबाईंचे खांदे हसून हलले, मग पडद्यावरचे दोन्ही पुतळे.